पार्सल फोडल्यावर: खोकं विकलं जातं, पिशवीचं काय?

इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि त्यानंतर पहिलंच येत राहिलं. २०२३ च्या सर्वेक्षणात तो मान सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, एवढंच. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. सकाळी गाडी येते, गाणं वाजतं, आणि ओलं-सुकं वेगळं टाकायचं हे इथल्या शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही. पण कचरा इतक्या शिस्तीत दारातून उचलला जातो की तो गाडीत पडला म्हणजे विषय मिटला असं वाटायला लागतं. भाजीच्या देठांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. ऑनलाइन मागवलेल्या सामानाच्या वेष्टनांच्या बाबतीत नाही. त्यांचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी गाडी येण्याआधीच, पार्सल फोडणाऱ्याच्या खोलीत ठरलेलं असतं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती इथे शिकायला आलेली मुलं. भंवरकुआं चौकातून खंडवा रोडने देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसराकडे निघालं की दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत होस्टेलं, भाड्याच्या खोल्या, एमपीपीएससीचे (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे) क्लास आणि डबे पुरवणाऱ्या मेस. दुपार कलली की फाटकाफाटकाशी पाठीवर भलीमोठी बॅग घेतलेला डिलिव्हरीवाला उभा दिसतो, एका हाताने फोन लावत आणि दुसऱ्या हाताने पार्सलवरचं नाव वाचत. मुलं खंडवा, खरगोन, बुऱ्हाणपूरकडून येतात, जळगावकडूनही येतात. हाताशी स्वतःची गाडी नसते, पैसे मोजके असतात, परीक्षा तोंडावर असते. बाजारात दोन तास घालवण्यापेक्षा फोनवर मागवणं त्यांना परवडतं. लहान गावातल्या मुलीला आपल्या मापाचे बूट किंवा हव्या त्या आवृत्तीचं पुस्तक खोलीच्या दारात मिळतं, ही मोठीच सोय आहे. मुलांनी ऑनलाइन खरेदी सोडावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्या हातात जे पडतं ते नेमकं काय आहे, हे त्यांना नीट कळावं, एवढीच इच्छा आहे. शाळा-कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

आमच्या राजेंद्र नगरच्या घरात वरच्या खोल्यांत विद्यार्थिनी राहतात. त्यांतल्या एकीने, ती बुऱ्हाणपूरची, परवा इअरफोन मागवले आणि पार्सल आमच्या जेवणाच्या टेबलावरच फोडलं. बाहेर तपकिरी खोकं. त्याच्या सगळ्या कडांवरून फिरवलेली पारदर्शक टेप. आत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या उशा. उशांच्या मधोमध कंपनीचं छापील खोकं, त्यावर ताणून बसवलेलं पातळ प्लास्टिक. त्याच्या आत इअरफोन बसतील असा प्लास्टिकचा साचा, सिलिका जेलची पुडी, चार घड्यांचा माहितीचा कागद. इअरफोन मुठीत मावणारे. बाकी पसाऱ्याने टेबल भरलं.

“काकू, हे सगळं सुक्यातच ना?” तिने विचारलं.

गाडीच्या हिशेबाने उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्या पसाऱ्यात किमान चार निरनिराळे पदार्थ होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाची पुढची वाट वेगळी आहे.

आधी खोकं

तपकिरी खोक्याचा पुठ्ठा साधा दिसतो, पण फार हुशारीने बनवलेला असतो. साध्या खोक्यात कागदाचे तीन थर असतात: दोन सपाट, आणि त्यांच्या मध्ये एक पन्हळी, छपराच्या पत्र्यासारखा नागमोडी. त्या नागमोडी थरामुळे पातळ कागदही वजन पेलतो, आणि थरांच्या मधली हवा धक्का सोसते. जड सामानाला पाच किंवा सात थरांचं खोकं वापरतात. थर एकमेकांना चिकटवायला स्टार्चची खळ असते, बहुधा मक्याची. म्हणजे टेप आणि लेबल सोडलं तर हे खोकं कागद आणि पिठाचं आहे. पाण्यात घातलं की विरघळून लगदा होतो, आणि त्या लगद्याचा पुन्हा कागद करता येतो.

भारतात खोक्यांचा क्राफ्ट, म्हणजे तपकिरी मजबूत कागद मुख्यतः जुन्या कागदापासूनच बनतो. आपल्याजवळचं त्याचं मोठं केंद्र म्हणजे गुजरातेतलं वापी. मोरबीकडे आणि उत्तरेत मुजफ्फरनगरलाही अशा गिरण्या आहेत. त्यांना जुना पुठ्ठा सतत लागतो, इतका की देशातला पुरत नाही म्हणून परदेशातून रद्दी आयात होते. कागदाचा तंतू प्रत्येक वेळी लगदा करताना थोडा तुटतो, आखूड होतो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो इतका आखूड होतो की कागद धरून ठेवू शकत नाही. परदेशी खोक्यांत झाडाचा ताजा, लांब तंतू जास्त असतो, म्हणून तिकडच्या रद्दीला आपल्या गिरण्यांत मागणी असते.

या मागणीमुळेच खोक्याला किंमत आहे. अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, पुठ्ठा किलोवर घेतो, घासाघीस करतो, पण घेतो. त्याच्याकडून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथे गठ्ठे बांधून गिरणीकडे जातो. ही साखळी कुठल्याही सरकारी योजनेच्या आधीपासून चालत आलेली आहे आणि ती उत्तम चालते. होस्टेलबाहेर रात्री ठेवलेलं खोकं सकाळपर्यंत कोणीतरी नेलेलं असतं, ते म्हणूनच.

दोन गोष्टी मात्र खोक्याचा घात करतात. एक ओल. भिजलेला पुठ्ठा गिरणीला नको असतो, त्याला बुरशी धरते आणि व्यापारी वजनातून ओलाव्याचे पैसे कापतो. पावसाळ्यात गच्चीवर टाकलेली किंवा उरलेल्या भाजीच्या डब्याशेजारी कोंबलेली खोकी अशीच वाया जातात. तेल लागलेल्या पिझ्झाच्या खोक्याचंही तेच. तेल पाण्यात सुटत नाही आणि लगद्यावर डाग धरून राहतं.

दुसरी गोष्ट टेप. ही टेप पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असते, तिच्यावर चिकट गोंद. गिरणीत पुठ्ठा प्रचंड हौदात पाण्यात टाकून खाली फिरणाऱ्या पात्याने घुसळतात. कागदाचा लगदा होतो, टेप तशीच राहते. तिचे तुकडे लगद्यातून वेगळे काढावे लागतात. निघालेलं प्लास्टिक ओलं, कागदाचे धागे चिकटलेलं, कोणाच्याच कामाचं नसतं, आणि त्याची विल्हेवाट ही कागद गिरण्यांच्या आसपासच्या गावांची जुनी डोकेदुखी आहे. गोंदाचे बारीक कण त्याहून त्रासदायक. ते जाळीतून निसटतात, नव्या कागदात चिकट ठिपके होऊन बसतात आणि यंत्रावर धावणारा कागद तिथेच फाटतो. टेबलावर बसून नखाने टेप सोलायला लागतो तो अर्धा मिनिट वापीच्या गिरणीत खरोखर कामाला येतो.

आता पिशवी

कपडे, मोबाइलची कव्हरं, पुस्तकं, असं न मोडणारं सामान बहुधा खोक्यात येतच नाही. ते येतं कुरिअरच्या पिशवीत: बाहेरून पांढरी किंवा रंगीत, आतून काळी किंवा करडी, तोंडाशी असा गोंद की फाडल्याशिवाय उघडत नाही. ही पिशवी एलडीपीई, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिलीन, प्रकारच्या प्लास्टिकची असते. त्याचे दोन-तीन थर एकत्रच ओढून काढलेले असतात. बाहेरचा छपाईसाठी, आतला काळा थर आतलं सामान दिसू नये म्हणून. पाठीवर एक पारदर्शक खिसा, त्यात बिल. वर लेबल.

एलडीपीई हे वाईट प्लास्टिक नाही. ते कमी उष्णतेला वितळतं, पुन्हा दाणे करता येतात, त्या दाण्यांपासून काळे पाइप, कचऱ्याच्या पिशव्या, ताडपत्र्या होतात. मग पिशवी अटालेवाला का घेत नाही?

इथे थोडा हिशेब करू. २५ बाय ३० सेंटीमीटरची, ५० मायक्रॉन जाडीची पिशवी घ्या. दोन्ही बाजू धरून प्लास्टिकचं क्षेत्रफळ आणि त्याची घनता यांचा गुणाकार केला तर वजन येतं सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे एक किलो व्हायला १४० पिशव्या लागतात. बुटाच्या खोक्याएवढं तीन थरांचं साधं खोकं भरतं १४० ग्रॅमच्या आसपास. एक किलोला तशी सात खोकी पुरतात. सात खोकी एका फेरीत एका दारातून मिळतात. १४० पिशव्या गोळा करायला दारोदार हिंडावं लागतं, त्यांना लेबलं चिकटलेली असतात, छपाईची शाई असते, गोंद असतो, आणि हे सगळं निवडण्याची मजुरी पिशवीच्या किमतीहून जास्त पडते. पदार्थ पुन्हा वापरता येण्याजोगा आहे, पण तो गोळा करणं कोणालाच परवडत नाही. कचऱ्याच्या प्रश्नातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं गणित आहे असं मला वाटतं, आणि ते फार कमी वेळा सांगितलं जातं. पिशवीवरच्या त्रिकोणात ४ आकडा आहे, तो पुनर्वापराच्या खुणेतला आकडा आहे, म्हणून ती पुन्हा वापरली जाईल असा समज होतो. त्या आकड्याने फक्त प्लास्टिकची जात कळते.

मग कागदच चांगला, प्लास्टिक वाईट, असं म्हणून मोकळं व्हावं का? तेही बरोबर नाही. एखादा कुर्ता पिशवीऐवजी खोक्यातून पाठवला तर वीसपट वजनाचं वेष्टन लागलं असतं. ते बनवायला पाणी आणि वीज लागली असती, ट्रकमध्ये जास्त जागा गेली असती, डिझेल जळलं असतं. बनवण्या-पोचवण्याच्या टप्प्यावर पिशवी उजवी ठरू शकते. वापर झाल्यावर खोकं उजवं ठरतं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. दोन्हींचा दोष वेगवेगळ्या टोकाला आहे. म्हणून एकाला हाकलून दुसरं आणण्यापेक्षा मुळात वेष्टनांची संख्या कमी होणं जास्त मोलाचं.

एवढंसं सामान, एवढं मोठं खोकं

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. याचं उत्तर गोदामात आहे.

कुरिअर कंपन्या पार्सलचं नुसतं वजन धरत नाहीत, त्याने अडवलेली जागाही धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचं; येणारा आकडा किलोत समजून खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावायचे, ही रूढ पद्धत. ३० बाय २० बाय १२ च्या खोक्याचा हिशेब १.४४ किलो येतो, आत पन्नास ग्रॅमचं कव्हर असलं तरी. तेव्हा मोठं खोकं विक्रेत्यालाही महागच पडतं. पिशव्यांचा सुळसुळाट झाला त्यामागे हे एक मोठं कारण आहे: पिशवी सामानाला लपेटून बसते, जागा अडवत नाही.

तरीही मोठी खोकी येतात, कारण गोदामात ठरावीक मापांचीच खोकी ठेवलेली असतात. कुठलं घ्यायचं ते बऱ्याचदा संगणक सुचवतो, पण ते माप संपलेलं असलं तर बांधणारा माणूस हाताशी असलेलं पुढचं मोठं माप उचलतो. त्याला तासाला किती पार्सलं बांधायची याचं बंधन असतं. मग रिकामी जागा भरायला हवेच्या उशा. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये हे जास्त दिसतं.

मोठ्या कंपन्यांनी काही बदल केले आहेत, ते मान्य केलं पाहिजे. अमेझॉनने २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपापल्या भारतातल्या गोदामांच्या वेष्टनातून एकदाच वापरायचं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं. कागदी पाकिटं आणि चुरगाळलेला तपकिरी कागद दिसायला लागला तो त्यामुळे. पण हा बदल त्यांच्या गोदामातून निघणाऱ्या सामानापुरता. त्याच संकेतस्थळावरचा एखादा छोटा विक्रेता सुरतेहून किंवा तिरुपूरहून स्वतः बांधून पाठवत असेल तर तो त्याला परवडेल तीच पिशवी वापरतो. आणि वस्तूच्या उत्पादकाने घातलेलं आतलं वेष्टन तर या हिशेबात येतच नाही.

परत पाठवलेला कुर्ता

विद्यार्थ्यांच्या सवयींत वेष्टनांची संख्या सगळ्यांत जास्त कशाने वाढत असेल, तर माझ्या मते दोन गोष्टींनी: तुकड्या-तुकड्यांनी मागवणं, आणि परत पाठवणं.

परतीचं आधी बघू. मापाची खात्री नाही म्हणून एकच कुर्ता दोन मापांत मागवायचा, बसेल तो ठेवायचा, दुसरा परत. मुलींना हा सरळ व्यवहार वाटतो, कारण परतीचे पैसे बहुधा पडत नाहीत. पण त्या परत गेलेल्या कुर्त्याचा प्रवास असा. कारखान्यातून निघताना तो एका पातळ पारदर्शक पिशवीत. त्यावर कुरिअरची पिशवी. ती तुम्ही फाडली, कारण फाडल्याशिवाय उघडतच नाही. परत न्यायला आलेला माणूस त्याला बऱ्याचदा नव्या पिशवीत घालतो. गोदामात ती फोडून कपडा तपासतात. विकण्याजोगा असेल तर पुन्हा नव्या पारदर्शक पिशवीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाताना आणखी एका कुरिअरच्या पिशवीत. एक कुर्ता, कोणाच्याही अंगावर चढण्याआधी, तीन बाहेरच्या पिशव्या वापरून मोकळा. रोख पैसे देऊन घ्यायचं म्हणून मागवलेलं आणि दारात नाकारलेलं पार्सलही असंच उलट्या पावली जातं.

यावर एकच उपाय खरा आहे, आणि तो साधा आहे. टेपने आपलं माप एकदा नीट घ्यावं, सेंटीमीटरमध्ये लिहून फोनमध्ये ठेवावं, आणि प्रत्येक विक्रेत्याच्या मापाच्या तक्त्याशी ते ताडून बघावं. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीचा ‘एल’ असतो, त्यामुळे अक्षरावर जाऊन उपयोग नाही. वरच्या मुलींना मी घरातली शिवणाची टेप देऊन ठेवली आहे.

तुकड्या-तुकड्यांची सवय याहून नकळत लागते. डिलिव्हरी फुकट असली की पेन एका दिवशी, शाम्पू दुसऱ्या दिवशी, चार्जर तिसऱ्या दिवशी. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपनी ती आणखी घट्ट केली. त्यांचं वेष्टन बहुधा कागदी पिशवीचं असतं, ते त्यातल्या त्यात बरं, पण दर फेरीला एक पिशवी आहेच. एका खोलीतल्या तिघींनी मिळून आठवड्यातून एकदा यादी केली तर त्याच सामानाला निम्म्याहून कमी वेष्टनं लागतील. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायची असतील तर खजुरी बाजार आहे. तिथे पुस्तक हातात घेऊन चाळता येतं, आणि ते आपल्याच पिशवीत येतं.

गाडीत पडल्यावर

इंदूरचा बहुतेक कचरा शेवटी जातो देवगुराडियाला. एके काळी तिथे कचऱ्याचा डोंगर होता. सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ मध्ये उपसून, निवडून ती जागा मोकळी केली गेली. हे काम फार मोठं होतं. आता तिथे ओल्या कचऱ्याचा गोबर-धन प्रकल्प आहे, १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला. रोज ५५० टन ओला कचरा पचवून १७,००० किलोच्या आसपास बायो-सीएनजी तयार करण्याची त्याची क्षमता आहे आणि शहरातल्या बसगाड्या त्यातल्या काही गॅसवर धावतात. भाजीच्या देठांच्या बाबतीत विषय मिटतो असं वर म्हटलं ते या प्रकल्पामुळे.

सुका कचरा वेगळ्या केंद्रात जातो. तिथे तो पट्ट्यांवरून धावतो. काही माणसं हाताने निवडतात, काही यंत्रं. अशी यंत्रं वस्तूवर अवरक्त किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून प्लास्टिकची जात ओळखतात आणि हवेच्या झोताने ती बाजूला उडवतात. तंत्र उत्तम आहे, पण त्याला काळा रंग चालत नाही. काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी घातलेली असते आणि ती हे किरण गिळून टाकते. परत काहीच येत नाही, म्हणून यंत्राला तिथे काही आहे हेच कळत नाही. कुरिअरची पिशवी आतली काळी बाजू वर करून पट्ट्यावर पडली तर ती अशीच पुढे निघून जाते. चुरगळलेली, आत खरकटं किंवा बिलाचा कागद असलेली पिशवी तर हाताने निवडणाराही सोडून देतो.

न निवडलेलं असं पातळ प्लास्टिक मग इंधन म्हणून बांधलं जातं आणि सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत कोळशाच्या जोडीला जळतं. किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरायचा नाही, असाच वापरायचा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठरवलं होतं. उघड्यावर जाळण्यापेक्षा किंवा शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीत जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं. पण पेट्रोलियमपासून बनवलेला, पुन्हा दाणे करता आला असता असा पदार्थ एकदा वापरून जाळला, हेही तितकंच खरं. स्वच्छ शहरातही पिशवीची बहुधा हीच गत होते.

कायद्याचं थोडक्यात

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली: स्ट्रॉ, चमचे, थाळ्या, कानात घालायच्या काड्या, मिठाईच्या डब्यावरचं आवरण वगैरे. कुरिअरची पिशवी त्या यादीत नाही. हातात धरून न्यायच्या पिशवीला १२० मायक्रॉनची जाडी लागते, तीही अट तिला लागू नाही. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे: फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम. जितकं प्लास्टिक वेष्टन बाजारात आणलं तितकं गोळा करून त्याचा पुनर्वापर किंवा योग्य विल्हेवाट झाल्याची प्रमाणपत्रं कंपनीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवायची. ऑनलाइन बाजारपेठाही यात येतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मात्र सूट आहे. २०२५-२६ पासून पिशव्यांसारख्या लवचीक प्लास्टिक वेष्टनात १० टक्के पुनर्वापर केलेलं प्लास्टिक घालणं आवश्यक केलं आहे, २०२७-२८ पासूनचं प्रमाण २० टक्के ठरवलं आहे.

कल्पना मला पटते. पिशवी गोळा करणं परवडत नाही हा जो अडसर वर सांगितला, तो दूर करायला कोणीतरी पैसे ओतले पाहिजेत, आणि ते पिशवी बाजारात आणणाऱ्याने ओतावेत हे न्याय्य आहे. पण २०२३ साली मंडळाच्याच तपासणीत लाखो प्रमाणपत्रं बनावट निघाली होती. कागदावर पुनर्वापर झाला आणि पिशवी मात्र कुठेच गेली नाही, असं होऊ नये म्हणून ही तपासणी सतत चालू राहायला हवी.

खोलीत काय करता येतं

त्या इअरफोनवाल्या मुलीबरोबर मी त्या संध्याकाळी जे केलं ते सांगते. खोक्याची टेप आणि लेबल काढलं, खोकं चपटं केलं, पलंगाखाली कोरड्या जागी सरकवलं. हवेच्या उशा टाचणीने फोडल्या; त्याही बहुधा एलडीपीईच्याच असतात, म्हणून कुरिअरच्या पिशव्यांबरोबर. वरचं ताणून बसवलेलं प्लास्टिक आणि आतला साचा वेगळा, तो गाडीच्या प्लास्टिकच्या कप्प्यात. सिलिका जेलची पुडी तिने औषधांच्या डब्यात ठेवली, ओल धरू नये म्हणून.

प्लास्टिकची जात हाताने बऱ्यापैकी ओळखता येते. बोटाने ताणलं की लांबत जातं, मऊ लागतं, ते एलडीपीई. कपड्यावरची जी पारदर्शक पिशवी चुरचुर वाजते आणि ताणण्याआधी फाटते, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. ती त्यात मिसळू नये. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी तर मुळीच मिसळू नये. ती हाताला प्लास्टिकसारखीच लागते, पण वेगळ्या पदार्थाची असते आणि एलडीपीईच्या दाण्यांची प्रत बिघडवते. ती मोठ्या खत प्रकल्पातल्या उष्णतेतच नीट कुजते, खिडकीतल्या कुंडीत नाही.

लेबलाकडे वेगळं लक्ष द्या, विशेषतः मुलींनी. त्यावर नाव, पूर्ण पत्ता आणि बऱ्याचदा मोबाइल नंबर असतो, आणि खोकं विकल्यावर ते कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. हा कागद उष्णतेने छापला जाणारा असतो, त्यामुळे गरम इस्त्री टेकवली की सगळा काळा पडतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत. तसा कागद रद्दीत घालायचा नाही; त्यावरच्या रसायनांमुळे तो लगद्यात नको असतो.

आणि पिशव्या. एकटीच्या खोलीतल्या दोन-तीन पिशव्यांना कोणी विचारणार नाही, पण होस्टेल मिळून विचार केला तर चित्र बदलतं. समजा चाळीस मुलं आहेत आणि प्रत्येकाकडे आठवड्याला तीन पिशव्या येतात. १२० पिशव्या, म्हणजे ८४० ग्रॅम. महिन्याचे साडेतीन किलोच्या आसपास, तेही एकाच जातीचं, कोरडं, निवडलेलं प्लास्टिक. एका गल्लीत अशी पाच-सहा होस्टेलं असली की अटालेवाल्याला त्यात रस वाटायला लागतो, कारण निवडण्याची मजुरी वाचलेली असते. त्यासाठी जिन्याखाली एक मोठी गोणी टांगावी लागते आणि तिच्यावर ठळक लिहावं लागतं: फक्त कुरिअरच्या पिशव्या, लेबल कापून, काळी बाजू आत. गोणी भरली की कोण रिकामी करणार, हे वॉर्डन किंवा घरमालकाने पहिल्याच दिवशी ठरवून द्यावं. विकून दोन पैसे आले तर ते मुलांना चहाला द्यावेत, आणि अटालेवाला नाहीच म्हणाला तर गोणी तशीच बांधून सकाळच्या गाडीत प्लास्टिकच्या कप्प्यात द्यावी. गाडीवरच्या माणसाला एकजात माल वेगळा कळतो.